डॉक्टरांशी मी खोटं बोलले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गांजाच्या औषधी वापरावर गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांत दोन पत्रं छापून आली. पहिल्या गृहस्थांनी लिहिलं की भांगेचं तेल हा अल्झायमरवर रामबाण उपाय आहे, त्याने मेंदूतला कचरा साफ होतो आणि औषध कंपन्यांनी तो मुद्दाम दाबून ठेवला आहे. दुसऱ्यांनी त्यांचा समाचार घेतला. औषधाच्या नावाखाली घरात नशा आणणाऱ्यांना सरळ आत टाका, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही पत्रं वाचताना वाटलं, यांच्या घरी असा रुग्ण नसावा. असलाच तर रात्री दोन वाजता त्याच्या उशाशी दुसरंच कोणीतरी बसत असणार.

माझ्या घरी आहे. माझे यजमान, वय ७४. अल्झायमरचं निदान होऊन सहा वर्षं झाली. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आम्ही राहतो सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकापासून चालत दहा मिनिटांवर. पूर्वीइतके माग आता राहिले नाहीत, पण आमच्या गल्लीत अजून दोन कारखाने चालतात. पाहुणे आले की म्हणतात, या खडखडाटात तुम्ही झोपता कसे? ह्यांचं उलटं आहे. माग बंद असले की ह्यांचा जीव वरखाली होतो. विशीत गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, पुढे साळखात्यात, म्हणजे विणकामात, कायम झाले, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर चादरी काढल्या. माग शिकवणारा वस्ताद तेलुगू, त्यामुळे हे घरात मराठी आणि मागावर तेलुगू. आज मुलाचं नाव गेलं आहे, माझं कधी आठवतं, कधी नाही. पण चिडले की आकडे तेलुगूत मोजायला लागतात. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. कांड्या मोजत असावेत.

विसरण्याचं काही वाटत नाही हो. विसरलेल्या माणसाला दहा वेळा सांगता येतं, शिक्षिकेला त्याची सवयच असते. खरा त्रास दिवेलागणीला सुरू होतो. दुपारभर खुर्चीत गप्प बसलेला माणूस ऊन उतरलं की उठतो, चप्पल शोधतो, दाराची कडी खडखडवतो. "भोंगा झाला, पाळी चुकेल, सोड मला." गिरणीचा भोंगा वाजून कित्येक वर्षं झाली हे त्यांना सांगून उपयोग नसतो. सांगितलं की आपण त्यांची हजेरी बुडवायला टपलोय असं त्यांना वाटतं. आमच्या ४८ वर्षांच्या संसारात ह्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. गेल्या दोन वर्षांत दोनदा हात उगारला, एकदा लागला. एका पहाटे तर चार वाजता बाहेर पडून थेट गिरणीच्या वाटेला लागले होते. एका रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं, भाडंही घेतलं नाही. तेव्हापासून ह्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला आतून माझा फोन नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहिलेला असतो.

हात मात्र एक गोष्ट विसरलेले नाहीत. तुटलेला धागा जोडायची गाठ. दोन टोकं डाव्या अंगठ्यावर एकमेकांवर आडवी धरायची, एकाचा फेरा नखामागून घेऊन पुढे आणायचा, दुसरं टोक त्यात दाबायचं, ओढायचं, आणि उरलेली शेपटी दातांनी तोडायची. वाचायला वेळ लागला, ह्यांना दोन सेकंद लागतात, तेही डोळे मिटून. गाठ इतकी बारीक बसते की धाग्यावरून बोट फिरवलं तरी लागत नाही. शेजारच्या कारखान्यातून मी वाया गेलेलं सूत पिशवीभर आणून ठेवते. साडेपाच वाजले की वीतभर लांबीचे तुकडे करून ताटात ठेवते, हे एकेक जोडत जातात. परवा मोजलं, एका बैठकीत ११२ गाठी. काही संध्याकाळी तासभर असा निघून जातो. काही संध्याकाळी तेच ताट माझ्या अंगावर येतं.

औषधं चालू आहेत. सुरुवातीपासून डोनेपेझिल, नंतर त्यात मेमँटिन आलं. रोग यांनी थांबत नाही, काही काळ थोडा आधार मिळतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. संध्याकाळच्या प्रकारासाठी क्वेटियापिनची छोटी गोळी दिली, तिचंही काही लपवलं नाही. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेल्या म्हाताऱ्या माणसांना या जातीच्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये तशी ताकीदच चौकट टाकून छापायला लावली, म्हणून डोस कमीत कमी ठेवायचा आणि दर काही महिन्यांनी गोळी खरंच लागते का ते पाहायचं. शिवाय ह्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन. एवढ्या तपशिलाचं कारण पुढे येईल.

गेल्या पावसाळ्यात मुलाने पुण्याहून एक लिंक पाठवली. तो बिचारा लांब बसून जे करता येईल ते करतो. भांगेच्या पानांचं तेल, झोपेसाठी, बेचैनीसाठी, "स्मृतिभ्रंशात उपयुक्त". मी त्याला म्हटलं, अरे, पोलीस धरतील. रोजच्या पेपरात कुठे ना कुठे गांजा पकडल्याची बातमी असते. तो म्हणाला, आई, हे आयुर्वेदिक आहे, परवाना आहे, बिल येतं. माझा विश्वास बसेना म्हणून मी कायदाच वाचून काढला. निवृत्त मास्तरणीला वेळ असतो.

त्यात एक गंमत आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्याची राळ. नुसती पानं आणि बिया, सोबत शेंडे नसतील तर, त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून महाशिवरात्रीच्या थंडाईतली भांग एकीकडे आणि चिलमीतला गांजा दुसरीकडे, झाड मात्र एकच. आयुर्वेदात याच झाडाला विजया म्हणतात आणि तिची औषधं परवान्यावर बनतात. विषारी द्रव्यांची जी सरकारी यादी आहे तिच्यात ती मोडते, त्यामुळे बाटलीवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" असं छापावं लागतं. तेव्हा दुसऱ्या पत्रलेखकांना माझी विनंती, आत टाकण्याआधी आत कोणाला टाकायचं ते एकदा वाचून घ्या.

देखरेख कशी झाली तेही सांगते. फोनवर एक तरुण वैद्य आले. वय विचारलं, वजन विचारलं, झोप कशी आहे विचारलं. मी उत्तरं दिली. चार मिनिटांत कागद व्हॉट्सअॅपवर आला आणि पाचव्या दिवशी बाटली कुरिअरने दारात. दुसरी कोणती औषधं चालू आहेत, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, कारण हा प्रश्न इतका महत्त्वाचा असेल हे मला ठाऊक नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, पाच थेंबांपासून सुरू करा, फरक पडेपर्यंत वाढवा. एका थेंबात काय किती मिलिग्रॅम आहे हे ना कागदावर, ना बाटलीवर. शाळेत आम्ही मुलांच्या लोहाच्या गोळ्याही मोजून, सही करून वाटायचो.

पहिल्या दोन रात्री काही नाही. तिसऱ्या रात्री हे साडेनऊला झोपले ते पहाटे पाचपर्यंत. मी दचकून उठले आणि आधी ह्यांची छाती वरखाली होतेय का ते पाहिलं. होत होती. मग मी उशीत तोंड घालून रडले. किती महिन्यांनी मला सलग सात तास मिळाले होते! त्या आठवड्यात शेजारच्या वहिनी म्हणाल्या, बाई, तुमचा चेहरा उजळला. ह्यांच्या चेहऱ्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात पाचाचे आठ थेंब झाले, आठाचे दहा. मोबाईलचा उजेड दातात धरून मी चमच्यात थेंब मोजायचे. हात थरथरला की एखादा जास्त पडायचा, तो काढून घ्यायचा कसा? राहू दे म्हणायचे. दहा थेंब कोणाला लागत होते हे तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही. आठ थेंबांतही हे झोपत होते. पण चारच्या सुमाराला जाग यायची, आणि मला पाच हवे होते.

मग ती रात्र आली. नळाला पाणी सुटायचा दिवस होता. आमच्याकडे पाणी रोज येत नाही आणि आलं तर कधी येईल ते सांगता येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मी मोरीत पाइप लावून पिंप भरत होते. हे उठले, उठताना झोक गेला, आणि ओल्या फरशीवर कमरेवर पडले. फरशी ओली होती, म्हणून सगळा दोष तेलाला देणार नाही. पण उभं राहताना झोक जाणं त्याच्या आधीही दोनदा झालं होतं आणि मी ते वयावर ढकललं होतं. सकाळी पाहते तर कमरेपासून मांडीपर्यंत जांभळा डाग, वांग्याच्या रंगाचा. दात घासताना हिरड्यांतून रक्त.

रिक्षा केली, दवाखाना गाठला. डोक्याचा सीटी स्कॅन झाला, आत काही नव्हतं, देवाची कृपा. पण रक्ताचा पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, ५.४ आला. ह्यांचा तो दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा असतो, आणि तीन वर्षं तो तसाच होता. डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काही सुरू केलंय का? अँटिबायोटिक? दुखण्याची गोळी? पालेभाज्या बंद केल्या? काही घरगुती, काही आयुर्वेदिक?"

मी म्हणाले, "नाही, काही नाही."

संपादक महोदय, हे पत्र मी या एका वाक्यासाठी लिहिते आहे. चाळीस वर्षांची मुलं मला भेटतात तेव्हा पाया पडतात आणि सांगतात, बाई, तुम्ही खोटं बोललेलं कधी खपवून घेतलं नाही. त्या बाई डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोलल्या. कायदा माझ्या बाजूने होता, बिल पर्समध्ये होतं. तरी "भांग" हा शब्द त्या खोलीत उच्चारायची हिंमत झाली नाही. बाहेर बाकावर आमच्याच गल्लीतलं एक कुटुंब बसलेलं. डॉक्टर ह्यांच्या मुलाच्या वयाचे. नवऱ्याला भांग पाजणारी बाई, हे पुढे किती घरांत फिरलं असतं?

दोन दिवस ते कारण शोधत राहिले. वॉरफरिन थांबवली, यकृताच्या तपासण्या सांगितल्या, त्यांचे पैसे भरले, ह्यांच्या हातात पुन्हा सुई गेली. दुसऱ्या रात्री मला राहवेना. सकाळी फोन केला आणि सगळं सांगितलं, थेंबांच्या आकड्यासकट. डॉक्टर ओरडले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, हे परवा कळलं असतं तर मी दोन दिवस यकृत तपासत बसलो नसतो." नंतर बोलावून घेऊन समजावलं. त्या अर्कातली द्रव्यं यकृतात वॉरफरिनची वाट अडवतात. गोळी तेवढीच खाल्ली तरी ती रक्तात साठत जाते. आणि झोक जाणं म्हणजे उभं राहताना रक्तदाब उतरणं. तेही या तेलाच्या खात्यातलं, रात्रीच्या क्वेटियापिनच्याही खात्यातलं, दोन्ही एकत्र म्हणजे दुप्पट. त्यांनी ह्यांच्या फाइलवर तेलाचं नाव लिहिलं, बंद केल्याची तारीख लिहिली. इतकं साधं होतं ते.

मग मी पहिल्या पत्रलेखकांच्या रामबाणाकडे वळले. पुण्याच्या नातवाने इंग्रजी कागद काढून दिले, शब्दकोश घेऊन मी बसले. कोणी काही दाबून ठेवलेलं नाही. गांजातलं मुख्य द्रव्य टीएचसी इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ मध्येच वेगळं काढलं, तेव्हापासून अभ्यास चालूच आहे. "मेंदूतला कचरा साफ होतो" हे पहिल्या पत्रलेखकांनी ज्यावरून लिहिलं असावं तो २०१६ चा अमेरिकेतल्या साल्क संस्थेचा प्रयोग. तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झाला. २०१७ मध्ये जर्मनीत म्हाताऱ्या उंदरांना थोडं टीएचसी दिलं तर त्यांची आठवण सुधारली. उंदरांचं चांगलं झालं याचा आनंद आहे.

माणसांवरच्या चाचण्या थोड्या आहेत आणि लहान आहेत. नेदरलँड्समध्ये २०१५ साली छापलेली एक. रुग्ण ५०, टीएचसीची दीड मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, तीन आठवडे. खोटी गोळी घेणाऱ्यांत आणि यांच्यात काही फरक दिसला नाही. २०१९ मध्ये टोरांटोत नॅबिलोन नावाचं, गांजातल्या द्रव्यासारखंच पण कारखान्यात बनवलेलं औषध चाळिसाच्या आत रुग्णांना दिलं. बेचैनी कमी झाली, आणि गुंगी बरीच वाढली. इस्रायलमध्ये २०२२ साली ६० जणांवर सीबीडी (गांजातलंच, पण नशा न आणणारं द्रव्य) जास्त असलेलं तेल वापरलं, त्यातही चिडचिड कमी झाली. २०२४ मध्ये अमेरिकेत ७५ रुग्णांवरच्या चाचणीतही ड्रोनाबिनॉल या, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या टीएचसीच्या, गोळीने तीन आठवड्यांत बेचैनी उतरली. एवढी माणसं आमच्या मंडळाच्या गणपतीच्या पंगतीला एका वेळी बसतात. आणि या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती लिंक पाठवणारे सांगत नाहीत. बेचैनी उतरली असेल, पण गेलेली आठवण परत आली किंवा रोग थांबला, असं यातल्या एकाही चाचणीने म्हटलेलं नाही. टीएचसीने तर धडधाकट तरुणाचीही ताजी आठवण तेवढ्यापुरती कच्ची होते.

म्हणजे त्या तेलात काही नाही, असं मी म्हणत नाही. तेल बंद केलं आणि चौथ्या संध्याकाळी पुन्हा कडी वाजायला लागली. पुन्हा भोंगा, पुन्हा पाळी. तेलाने बेचैनी उतरत होती की नुसती गुंगी येत होती, हे मी घरी बसून कसं सांगणार? ते सांगायला चाचणी लागते, आणि चाचणीतला रुग्ण वॉरफरिनवर आहे का, हे विचारणारं कोणीतरी लागतं.

माझी भाची अमेरिकेत मिशिगन राज्यात असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, इकडे खोटं बोलायची वेळच आली नसती. तिथे २००८ मध्ये लोकांनी मतदान करून औषधी गांजाचा कायदा आणला, आणि त्यात ज्या आजारांची नावं लिहिली त्यांत "अल्झायमरमधली बेचैनी" आहे. डॉक्टरने लेखी द्यावं लागतं. मला जास्त नवल वाटलं ते पुढचं ऐकून. रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाचीही सरकारदरबारी नोंद होते, त्याच्या नावाचं ओळखपत्र निघतं, आणि एका माणसाला जास्तीत जास्त पाच रुग्णांची जबाबदारी घेता येते. म्हणजे थेंब मोजणारा हात कोणाचा, हे कायद्याला ठाऊक आहे. अमेरिकेतलं सगळं उत्तम असं नव्हे. तिथल्या औषध प्रशासनानेही अल्झायमरसाठी गांजाला मान्यता दिलेली नाही, आणि तिथली दुकानंही वाटेल ते दावे करतात, असं भाचीच म्हणाली. पण तिच्या शेजारची म्हातारी आपल्या डॉक्टरला "मी हे देते" असं सांगते. मला त्या म्हातारीचा हेवा वाटला.

आपल्याकडे सरकारही या झाडाकडे पूर्वीच्याच नजरेने बघतं असं नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताचं मत काढण्याच्या बाजूने होतं. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत याच झाडावर औषधासाठी काम चालू आहे. देशात साठीपुढचे ८८ लाख लोक डिमेन्शियाने ग्रासलेले असावेत असा २०२३ चा अंदाज आहे, शेकडा सात-साडेसात. पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखाद्या घराच्या दाराला बाहेरून कुलूप आणि आत माणूस, असं दिसेल. तिथल्या बायका विड्या वळता वळता पाळत ठेवतात. त्यांच्यापैकी कोणाच्या मुलाने लिंक पाठवली नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून बंदी घाला असं मी म्हणणार नाही, आणि दुकानं उघडा असंही म्हणणार नाही. माझ्या मागण्या भाजीबाजारातल्या बाईच्या आहेत. बाटली विकायची तर एका थेंबात टीएचसी किती, सीबीडी किती, हे मिलिग्रॅममध्ये मराठीत छापा. माझ्या चष्म्याला दिसेल एवढ्या अक्षरात. फोनवरून कागद देणाऱ्याने चालू गोळ्यांची यादी लिहून घेतल्याशिवाय कागद देऊ नये, आणि यादीत रक्त पातळ करणारी गोळी दिसली तर रुग्णाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तर मुळीच नाही. आपल्याकडच्या रुग्णांवर, आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत रीतसर चाचण्या होऊ देत. आमचं रक्त तपासा, आम्ही येऊ. आणि डॉक्टरांनो, तुम्ही तो प्रश्न विचारलात, पण सहा प्रश्नांच्या रांगेत शेवटचा, दार उघडं असताना. दार लोटून घेऊन विचारा. "भांगेचं तेल देता का? बऱ्याच घरांत देतात," एवढं म्हणा. "बऱ्याच घरांत" हे दोन शब्द ऐकले असते तर मी त्याच क्षणी पर्स उघडली असती.

एक गोष्ट राहिली. डॉक्टरांनी तेल बंद केलं त्या दिवशी मला विचारलं, "ताई, तुम्ही किती झोपता?" सहा वर्षांत माझ्याबद्दलचा तो पहिला प्रश्न. मी सांगितलं. त्यांनी ह्यांच्याच फाइलवर माझी झोप लिहिली, चार तास, आणि मुलाला फोन लावला. आता आठवड्यातून दोन रात्री एक बाई येतात, पैसे मुलगा देतो. त्या रात्री मी वरच्या खोलीत झोपते. बाईंना मी सुताचं ताट आणि गाठीची युक्ती दाखवून ठेवली आहे. ज्यांचा मुलगा पैसे देऊ शकत नाही त्यांच्यासाठी महापालिकेने दोन वॉर्ड मिळून एक तरी दिवसाचं पाळणाघर काढावं. लहान मुलांसाठी असतात तशी म्हाताऱ्यांसाठी. बंद पडलेल्या शाळांच्या इमारती रिकाम्या पडून आहेत, त्यातल्या एकीत मी २२ वर्षं शिकवलं आहे. किल्ली कोणाकडे असते तेही मला माहीत आहे.

आता क्वेटियापिन पूर्वीच्याच डोसवर आहे, आयएनआर २.६ आहे, जांभळा डाग पिवळा होऊन गेला. तेलाची अर्धी बाटली कपाटात साड्यांखाली आहे. टाकवत नाही. येत्या मंगळवारी रक्त तपासायला जायचं आहे, तेव्हा ती पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवणार आहे. पुढेमागे ते म्हणाले की वॉरफरिनऐवजी दुसरी गोळी देऊन, अमुक इतकेच थेंब, माझ्या नजरेखाली, तर मी देईन. नको म्हणाले तर मोरीत ओतेन.

पत्र फार लांबलं. कात्री लावायची असेल तर गिरणीचा मजकूर कापा, मिशिगन कापा, चाचण्यांचे आकडेही कापा. मी डॉक्टरांशी खोटं बोलले तेवढा भाग मात्र ठेवा. नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे. तो छापू नये. का, ते वर लिहिलंच आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर